हत्तीणबाईचं पान

काचेच्या पलीकडे डॉक्टर जमदाडे संगणकाच्या पडद्याला नाक लावून बसले होते आणि अलीकडे कुंदाताई बालवाडीच्या चौदा पोरांसमोर सोंड हलवत होत्या. सोंड म्हणजे त्यांचाच उजवा हात. बावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतायत, तरी सतरंजीवर गोल गोल फिरतेय.

"हत्तीणबाई सायकलवर,
टांगली पर्स सोंडेवर,
उतार आला, ब्रेकच नाही,
चिखलात बसल्या हत्तीणबाई!"

आणि धप्पकन गादीवर. पोरं बघत राहिली. एकही हसलं नाही.

हसणार कुठून? शिखरनगरची डोंगरावर जाणारी दोरगाडी, तिथला रोपवे, तुटली त्याला महिना झाला होता. वरच्या वस्तीत हळदीकुंकू होतं. या चौदाही पोरांच्या आया नटूनथटून एकाच डब्यात बसल्या, कारण एकत्र जायचं ठरलं होतं. पोरं खाली मैदानात हात हलवत उभी होती. त्यांनी सगळं पाहिलं. तेव्हापासून कपडे वाळत घालायची दोरी दिसली तरी काहींची चड्डी ओली व्हायची. कुंदाताईंची नात मिठू तर बोलायचीच थांबली होती. त्या डब्यात तिची आई होती, वृषाली. कुंदाताईंची एकुलती एक.

"आठवण दगडावर कोरलेली नसते, ताई," जमदाडे पहिल्या दिवशी म्हणाले होते. "माणसाला एखादी गोष्ट आठवली की तेवढ्यापुरती ती मऊ होते, ओल्या मातीसारखी. थोड्या वेळानं परत घट्ट होते. मऊ असताना तिच्यात जे मिसळाल, ते कायमचं राहतं. याला आम्ही पुनर्घट्टन म्हणतो."

"मग मी काय मिसळू?"

"हसू. पडण्याची भीती आहे ना, मग पडण्याचंच गमतीचं गाणं. पोरांच्या डोक्याला आठवणपट्टी बांधायची. आठवण मऊ झाली की पट्टीचा दिवा हिरवा होतो. तेव्हा हसवायचं."

"आईच्या मरणात हसू मिसळायचं?"

"मरणात नाही. भीतीत."

"अन् आई वेगळी कशी काढणार? चाळणी आहे का तुमच्याकडे?"

जमदाडेंनी आठवणपट्टीची वायर गुंडाळायला घेतली. पण मिठू रोज अर्ध्या भाकरीवर उठत होती, म्हणून कुंदाताई हो म्हणाल्या.

आठवण जागी करायला डॉक्टर अपघाताचा व्हिडिओ दाखवणार होते. "दाखवून बघा, थोबाडीत देईन," कुंदाताई म्हणाल्या. त्या चौदा घरी गेल्या, प्रत्येक आईची एक साडी मागून आणली आणि कापून, शिवून चित्रांचं पुस्तक केलं. पान एकेकीच्या साडीचं. पिवळ्या सुतीतला माकडोबा, हिरव्या काठाची मगर. वृषालीच्या जांभळ्या इरकलीची हत्तीणबाई झाली.

रोज तोच खेळ. डोळे मिटून पानावर हात फिरवायचा, कुणाच्या आईचं ते ओळखायचं. दिवे हिरवे व्हायचे. मग गाणं, मग धप्पकन पडणं, मग चिखलातल्या हत्तीणबाईचं चित्र.

नवव्या दिवशी मिठू हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. "बाई, परत पडा!" वर्गात ती आजीला बाईच म्हणायची. कुंदाताई परत पडल्या. सतरा वेळा पडल्या. त्यांनाही हसू आवरेना.

चाळीस दिवसांत पोरं झोपायला लागली, भांडायला लागली, डबा संपवायला लागली. जमदाडे पेढे वाटायच्या बेतात होते. तेवढ्यात एका पोराचा बाप आला आणि दारातच रडायला लागला.

"काल माझ्या बायकोचा वाढदिवस होता. फोटोला हार घातला. तर पोरगं खदाखदा हसलं हो. फोटोकडे बोट दाखवून."

जमदाडे खाली बघत म्हणाले, "चाळणी नाही, ताई. तुम्ही म्हणाला होतात."

कुंदाताईंनी साड्यांचं पुस्तक उघडून एकेक पान उलटलं. त्या चौदाही आया लहानपणी त्यांच्याच बालवाडीत होत्या. कोण खडू खायची, कोण खोटं खोटं लंगडायची, सगळं त्यांना पाठ होतं.

"वर्ग बंद करायचा नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पोरांना झोप लागू दे. रडायला मी आहे ना. मोठी झाली की एकेकाला समोर बसवून सांगीन, तुझी आई कशी होती ते. तिला कुणाला हसण्यावारी नेऊ देणार नाही. शब्द देते."

बापांनी त्या शब्दावर पोरं वर्गात ठेवली. पुस्तक रोज वाचलं गेलं.

वर्षश्राद्ध सगळ्यांनी मिळून समाजमंदिरात केलं. चौदा फोटो ओळीनं, उदबत्तीचा धूर. पोरं पुढे बसवली होती. निनाद, वृषालीचा नवरा, कुंदाताईंजवळ आला.

"आई, तुम्ही बोला. आधी वृषालीबद्दल."

कुंदाताई उठल्या. काय सांगायचं ते ठरलेलं होतं. ती पाच वर्षांची असताना ताप अंगावर घेऊन बालवाडीत आली होती, आईला एकटं वाटेल म्हणून. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि पोटातून काहीतरी वर आलं. त्यांना वाटलं हुंदका. त्यांनी तोंड उघडलं.

हसू होतं ते. मोठ्यानं, खळखळून.

लोक चपापले. कुणीतरी पाणी आणलं. कुंदाताईंनी तळहातात नखं रुतवली, दुसऱ्या फोटोकडे पाहिलं. हसू. तिसऱ्याकडे. हसू. मागे उभ्या जमदाडेंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चौदा डोक्यांचे दिवे मोजले होते. ज्या बाईनं रोज लेकीच्या साडीवर हात फिरवून ते गाणं म्हटलं, तिच्या डोक्याला पट्टीच बांधलेली नव्हती; तिचीही आठवण रोज मऊ होतेय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आजी हसतेय म्हणून मिठू हसली. मग एकेक करत सगळी पोरं. आख्खं समाजमंदिर पोरांच्या हसण्यानं भरलं आणि मागच्या रांगेतले बाप रडत राहिले.

कुंदाताईंनी निनादचा दंड घट्ट धरला. अंग हसण्यानं गदगदत होतं, शब्द फुटत नव्हते.

"तू वर्गात नव्हतास," त्या कशाबशा म्हणाल्या. "तू सांग रे मला. माझी वृषाली कशी होती?"