बरं, बाबा

मोतद्दाराला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत, असं आमच्या मालकीण पेनफोल्डबाई चारचौघांत सांगतात आणि हसतात. खरंच आहे ते. गाडी सराईच्या अंगणात शिरली की थकलेले चार घोडे सोडायचे, ताजे चार जोडायचे, आणि हे सगळं कोचवानाचा बिअरचा मग संपायच्या आत. वर बघायला सवड कोणाला? लंडनच्या रस्त्यावरच्या या सराईत मी सव्वीस वर्षं घोडे बदलतोय. कोचवान बुटांवरून ओळखतो, घोडे श्वासावरून. ही सवय कधी नडेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात माझी हेप्झी लंडनला निघाली होती, मावशीच्या टोप्यांच्या दुकानात काम शिकायला. मला ती जायला नको होती. तिची आई गेल्यापासून घरात बोलणारं माणूस तेवढं एकच. आणि बोलणं तरी कसलं, पोरीच्या जिभेला हाड नव्हतं. त्या दुपारी पेटीला दोरी बांधतानाही आमचं वाजलंच.

"आठ दिवसांत रडत परत येशील," मी म्हणालो.

"बघाल की, घोडामैदान जवळच आहे. आणि निरोप द्यायला येताना हात धुऊन या. लिदीचा वास लंडनपर्यंत येईल माझ्याबरोबर."

मी चिडून तबेल्यात निघून गेलो.

धुकं सकाळपासून उठलंच नव्हतं. ओल्या पेंढीचा वास अंगणात नुसता साचून राहिला होता. हेप्झीची गाडी तीनची. तीन वाजायला अजून अवकाश होता, तोच टेकडीकडून शिंग वाजलं. आमचा नियम असा, की शिंग ऐकलं की घड्याळ बघायचं नाही, घोडे बाहेर काढायचे. मी काढले.

गाडी येऊन उभी राहिली. चाकं वाजल्याचं मला आठवत नाही. पुढच्या घोड्याचा पट्टा सोडायला मी त्याच्या मानेवर हात टेकला आणि तिथंच थबकलो. दहा मैल पळून आलेला घोडा घामानं निथळतो, त्याच्या अंगातून वाफा निघतात. ही मान कोरडी होती. गार होती. मी हात वर नेला. डाव्या कानाचं टोक फाटलेलं लागलं.

सार्जंट!

चार वर्षांपूर्वी याच टेकडीवर, असल्याच धुक्यात एक गाडी उलटली होती. आतलं कोणीच वाचलं नाही. पाय मोडून पडलेल्या सार्जंटला मी माझ्या हातानं गोळी घातली होती.

"घोडे बदलायचे नाहीत," वरून आवाज आला. हळू, दमलेला. "एक माणूस घ्यायचंय... तेवढंच."

मागं गाडीचं दार लागलं. हेप्झी आत बसली होती.

मोतद्दारानं पुढच्या घोड्याचा लगाम सोडल्याशिवाय गाडी हलत नाही, हीही आमची रीतच. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हेप्झी! खाली उतर!"

"बाबा, चारचौघांत तमाशा नको. मी जाणार म्हणजे जाणार."

"तुला तुझ्या आईची शपथ आहे... उतर."

"सोड," वरचा आवाज म्हणाला.

मी सोडला नाही. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग धुक्यातून कोणीतरी माझ्याजवळ आलं. हेप्झीचीच टोपी, तिचीच निळी शाल. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बरं, बाबा."

माझ्या जिवात जीव आला. मी लगाम सोडला. गाडी शेजारून सरकत गेली, तेव्हा आतून कोणीतरी काचेवर टकटक करत होतं. मी वर पाहिलं नाही.

पाव तासानं खरी तीनची गाडी आली. तिच्या घोड्याच्या ओल्या, गरम मानेवर डोकं टेकून मी रडलो. गार्डनं विचारलं, "तुझी पोरगी कुठाय?" मी म्हणालो, "नाही जायची आता."

हेप्झी राहिली. लंडनचं नाव म्हणून काढलं नाही. मी चिखलाच्या बुटांनी घरात आलो तर मुकाट्यानं पुसून काढते. काहीही सांगा, "बरं, बाबा." खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. मग त्या शांततेची मला धास्ती वाटायला लागली.

नाताळनंतर पत्र आलं. मला वाचता येत नाही. पेनफोल्डबाईंनी चष्मा लावून वाचायला घेतलं.

"बाबा, सुखरूप पोचले. मी निरोप घ्यायला काच बडवत होते, पण तुम्ही मान वर केली नाहीत. बघा जन्मभर घोड्यांकडेच! मावशीचं सूप म्हणजे नुसतं पाणी आहे. अजून रागावलेय तुमच्यावर. पण आठवण येते. तुमची हेप्झी."

बाईंनी चष्मा काढला. सराईच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"एनॉक... ती तर आत शलगम सोलत बसलीय."

तेव्हापासून दर महिन्याला पत्र येतं. प्रत्येकात माझी खरडपट्टी असते, आणि ती ऐकताना मला रडू फुटतं, कारण हीच माझी पोर, यात मला तिळमात्र शंका नाही. मग आईची शपथ घालून मी खाली उतरवलं ते कोणाला? विचारायचं धाडस होत नाही. घराबाहेर काढायलाही मन धजत नाही. रोज संध्याकाळी ती माझं ताट वाढून वाट बघत बसलेली असते.

काल चौथं पत्र आलं. बाईंनी ते तबेल्यात, दार लावून, माझ्या कानाशी वाचलं. हेप्झी येत्या बुधवारी तीनच्या गाडीनं चार दिवसांसाठी घरी येतेय. आम्ही दोघांनी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

घरी आलो, तर ती माझ्याकडे पाठ करून खाटेवर जाड लोकरी पांघरूण अंथरत होती.

"हे कशाला काढलंस?" मी विचारलं. "थंडी तर सरली."

"बुधवारपासून दोघींना एक पुरायचं नाही, बाबा," ती म्हणाली.