टाचेवरचं शेवाळ

“बूट दाखवा.”

पुलाच्या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच म्हणते. त्या संध्याकाळी समोरचा माणूस मात्र चक्क लाजला. काखेत थर्मास, हातात ‘माते’ या कडू चहाचा भोपळा – म्हणजे उरुग्वेचा, विचारायलाच नको. पिसांची माशी गळाला बांधून ट्राउट धरायला हे लोक आमच्या डोंगरांत येतात. धरतात, कौतुकानं बघतात आणि सोडून देतात!

“धुवावे लागतील,” मी म्हटलं. “एका नदीचं शेवाळ दुसरीत गेलं की नदीचा गळाच धरतं. हे मिठाचं पाणी, हा ब्रश.”

“आणि हात?”

“हात तुमचेच.”

तो हसला. नाव हेर्वासियो. मोंतेविदेओच्या शाळेत भूगोल शिकवायचा. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणाला, “आमच्याकडे डोंगरच नाहीत हो, मियारायबाई. फळ्यावर काढून दाखवतो.”

मग रोजचंच झालं. सकाळी अलीकडची नदी, संध्याकाळी पलीकडचा ओढा. आणि बूट असे माखलेले, की जणू मुद्दाम चिखल शोधलाय. तो घासायचा, मी बघायची. लेंगा झाडांच्या पानांवर पावसाची भुरभुर चालू असायची. मध्येच तो माते भरून पुढे करायचा… भोपळ्यावर बोटाला बोट लागायचं, आणि ब्रश बादलीत पडायचा.

“पोरी,” चौकीतून माझा म्हातारा सोबती दॉन एउसेबियो ओरडायचा, “त्या ओढ्यात मासाच नाही. हा पठ्ठ्या तिथं काय धरायला जातो?”

“म्हातारबुवा, तुम्ही रेडिओ ऐका!”

पण चाळिशीला टेकल्यावर दार उघडायची भीती वाटते. आमच्याकडचा वारा आत येत नाही, दारच उचलून नेतो.

एका सकाळी तो बूट हातात घेऊन आला. धुतलेले, कडक वाळलेले.

“दक्षिणेच्या नदीवर चाललोय. ट्रक थांबलाय.” मग हळूच – “तपासा ना.”

फाटकाजवळच्या बाकावर बसून मी बुटांचे तळ उलटे करून पाहिले. एक तंतू नाही. बूट परत दिले, की हा गेला. या कामात मी सख्ख्या भावाला सवलत दिली नव्हती, आणि स्वच्छ माणसाला कधी अडवलं नव्हतं.

“इथं… टाचेला,” मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. “शेवाळ दिसतंय. दोन दिवस वाळवावे लागतील.”

त्यानं टाच पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

“खरंच की,” तो म्हणाला. “दुसऱ्याला तर जास्तच आहे.”

दॉन एउसेबियो चष्मा चढवून बाहेर आला, बूट नाकाशी धरला. “अरे देवा! हे उन्हाळा संपेपर्यंत सुकायचे नाहीत.”

ट्रकनं हॉर्न दिला. हेर्वासियोनं हात हलवून त्याला जायला सांगितलं.

“मियाराय,” – यावेळी ‘बाई’ नाही – “खोटं बोलताना तुझे कान लाल होतात.”

“थंडीनं.”

“असेल,” म्हणाला, आणि बूट जमिनीवर ठेवून बाकावर बसला – अगदी मला खेटून.