गाईच्या नोटेला इस्त्री

हा अनाक्लेतो म्हणजे नुसता ताप होता. कोणी त्याच्या जुन्या नोटांकडे बोट नेलं की खेकसायचा, "कोपऱ्याला धरा! घाम लागतो!" मोंतेविदेओच्या रविवारच्या बाजारात सात वर्षं त्याचं टेबल एतेल्विनाच्या टेबलाला लागून. त्याच्या टेबलावर विकायच्या जुन्या नोटा, तिच्या टेबलावर लेसचे जुने टेबलक्लॉथ, धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री केलेले.

"तुमच्या ओरडण्यानं माझं गिऱ्हाईक पळतं."

"तुमच्याकडे बघत थांबतात की."

"कोण?"

"…मी." आणि कडू माते-चहाचा पेला तिच्यापुढे धरून तो मान वळवायचा. चहा ओढायची नळी दोघांत एकच. तिची ऊब ओठांना लागली की तीन जावयांना धाकात ठेवणाऱ्या विधवा एतेल्विनाला उगाच शाल सारखी करावीशी वाटायची.

गेल्या रविवारी त्यानं आपली सगळ्यात लाडकी नोट तिच्या हातात ठेवली. शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या बँकेची, गाईचं चित्र असलेली.

"घरी न्या. मागची बाजू… नीट बघा." कानापर्यंत लाल झाला होता.

तिनं बघितली. मागे पेन्सिलीनं काहीतरी गिरबटलेलं, वर कळकट डाग. बिचाऱ्याला लाज वाटत असणार! मग तिनं जीव ओतला.

या रविवारी नोट ऐटीत पुढे केली. पांढरीशुभ्र, ताठ.

अनाक्लेतो मटकन खाली बसला.

"धु…धुतलीत?"

"खळही घातली."

"इस्त्री?"

"दोन्ही बाजूंनी."

"अहो, धुतलेली नोट म्हणजे मेलेली नोट! हिला आता कोणी फुकट घेणार नाही!"

एतेल्विनाच्या मनात आलं, संपलं. आता कुठला पेला नि कुठली नळी…

"आणि मागचं?" त्यानं हळूच विचारलं.

"ते गिरबटलेलं? पावाचा तुकडा चोळून पुसलं."

"ते… मी लिहिलं होतं."

आता बसायची पाळी तिची. "तुम्ही? नोटेवर?"

"लग्न कराल का, असं."

समोरच्या पक्षीवालीचा हात पिंजऱ्यातच राहिला.

एतेल्विना उठली. शाल सारखी केली.

"अनाक्लेतो, तुम्ही पक्के भित्रे आहात. देवानं तोंड दिलंय, ते सोडून नोट खराब केलीत. मला वाचता येत नाही, हे सात वर्षांत कळलं नाही? आता सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा. उत्तर 'हो' आहे, पण विचारल्याशिवाय मिळायचं नाही!"