ही कुणातली?

सयाजी भाऊसाहेब त्या दिवशी सकाळी महाडच्या बाजारात गेले ते कापडाचे तुकडे आणायला. कुशाबा शिंप्याने ते कापून ठेवले होते. सगळे त्रिकोणी, तळहातावर मावतील एवढे. लाल, काळे, गुलाबी, पिवळे.

"गणपती तर गेले," कुशाबा म्हणाला. "आता पताका कशाला?"

"पताका नाहीत रे, बिल्ले आहेत. कैद्यांचे."

नाझींच्या छळछावणीत माणूस आला की त्याच्या छातीवर त्रिकोण शिवत, टोक खाली. सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला लाल, कामचुकार ठरवलेल्याला काळा, पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषाला गुलाबी. ज्यूंना पिवळे दोन, एकावर एक उलटसुलट, म्हणजे चांदणी होते. भाऊसाहेबांनी हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे कापड बघायचं, माणूस नाय," कुशाबा म्हणाला. "शिंप्याला बरं हाय."

निवृत्तीनंतर माणसाला मधुमेह होतो, नाहीतर नाटक. भाऊसाहेबांना दुसरं झालं होतं. हयात सरकारी कचेरीत गेली. माणसांची नावं ते विसरत, प्रवर्ग कधीच नाही. त्यामुळे छावणीवर एकांकिका लिहिताना त्यांना फारशी कल्पनाशक्ती लागली नाही. फक्त एका गोष्टीवर ते अडून बसले. त्यांच्या श्रुतिकेला, आईवेगळ्या एकुलत्या लेकीला, कैदी व्हायचं होतं.

"माझ्या पोरीच्या अंगाला असलं काही चिकटणार नाही," त्यांनी सांगून टाकलं, आणि तिला संहिता धरून वाक्यं पुरवायला बसवलं.

तालीम तुडीलला, सावित्री नदीच्या काठी बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत. दुपारीच आभाळ इतकं उतरलं होतं की आत दिवा लावावा लागला. पत्र्यावर पाऊस. कुजक्या कोंड्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. मागचा अर्धा भाग, जिथे पूर्वी पोती रचत, तो दिव्याच्या आवाक्याबाहेर राहिला.

कैद्यांची कामं करणाऱ्या गावातल्या तिघांना भाऊसाहेबांनी बिल्ले वाटले. वाटताना त्यांना आपली विनोदबुद्धी आवरली नाही. प्रवीण उशिरा आला होता. "घे काळा. तुला शोभतो." भरत दर शिमग्याला गावच्या नाटकात बाईचं काम करायचा. त्याच्या छातीवर त्यांनी स्वतःच्या हाताने गुलाबी टाचला आणि डोळा मिचकावला. भरत हसला नाही. सारखे अर्ज करणाऱ्या बुद्धरत्नला लाल.

बुद्धरत्न बिल्ल्याकडे बघत म्हणाला, "भाऊसाहेब, हे जर्मन लोक जरा कच्चेच म्हणायचे. कापड लागायचं त्यांना. आपल्या गावात बिनकापडाचं कळतं."

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "चला, हजेरीचा प्रवेश. राजेश, हो उभा."

राजेश एसटीत कंडक्टर. छावणीचा अधिकारी म्हणून त्याची निवड झाली, कारण माणसांना मागे रेटण्याचा अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता. तो खोक्यावर चढला. तिघं ओळीत उभे राहिले. तेवढ्यात दिवे गेले.

"पुढचा."

आवाज शांत होता. थोडासा कंटाळलेला.

"छान, राजेश. असंच म्हण," भाऊसाहेब म्हणाले.

"मी... मी काय नाय बोललो."

मागच्या अंधारात काहीतरी खटखटलं. लाकडी खडावा घालून कुणी चालावं तसं. एक नाही, पुष्कळ. पाय ओढत यायच्या, थांबायच्या. मग त्यांच्या मागे आणखी. ओळ लांबत होती. गिरणीची मागची भिंत जिथे होती, त्याच्याही पलीकडून ती येत होती. कोंड्याचा वास विरला आणि त्याजागी फिनेलचा आला.

"कोण आहे तिकडे?"

"ही राहिली," आवाज म्हणाला.

खिडकीच्या फटीतून येणारा तेवढा उजेड नेमका श्रुतिकेवर पडला होता. मांडीवर संहिता, ओठ अर्धवट उघडे.

"हिचा रंग?"

भाऊसाहेबांच्या मुठीत उरलेले पिवळे तुकडे होते. मूठ उघडेना. त्यांनी तिघांकडे पाहिलं. अंधारात चेहरे दिसत नव्हते, पण तिघंही आपल्याकडेच बघताहेत हे कळत होतं.

"द्या की, भाऊसाहेब," बुद्धरत्नचा आवाज आला. "आम्हाला देताना कसे पटापट दिलेत."

"भरत... प्रवीण... तिला बाहेर घेऊन जा रे."

"मी कामचुकार ना?" प्रवीण म्हणाला. जागचं कुणी हललं नाही.

"बाबा..." श्रुतिका पुटपुटली.

"हिचा रंग?" तोच स्वर. घाई नाही, राग नाही.

भाऊसाहेब ओरडले, "ती... ती यांच्यातली नाही!"

क्षणभर पत्र्यावरचा पाऊसही थांबल्यासारखा झाला.

"असं होय," आवाज म्हणाला, आणि त्यात पहिल्यांदाच आदर होता. "मग इकडे या, बाईसाहेब."

श्रुतिकेने संहिता मिटली. पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि ती चालत अंधारात गेली. भाऊसाहेबांनी हात पुढे केला, तो रिकामाच परत आला. आणि सगळ्या खडावा एकदम, एका ठोक्यात, जुळल्या. साहेब आल्यावर सगळी कचेरी उठून उभी राहते तशा.

दिवे आले तेव्हा ती मागच्या भिंतीपाशी एकटी उभी होती. केसांत भाताचा कोंडा. चेहरा अगदी शांत. तिघांनी बिल्ले ओरबाडून टाकले आणि पावसात निघून गेले. राजेश खोक्यावरून उतरायचंच विसरला होता.

पुढे तालीम झाली नाही. श्रुतिका घरी नीट जेवत होती, झोपत होती, नेहमीपेक्षा टापटीप राहत होती. भाऊसाहेबांनी देवापुढे नारळ फोडला आणि सुटलो म्हटलं.

उघडीप पडली त्या दिवशी ती दोरीवरचे कपडे काढत होती. भाऊसाहेबांचा जुना निळा शर्ट तिने झटकला. उन्हाने पार विटलेला शर्ट. पण डाव्या छातीवर मूळ गडद निळा तसाच राहिला होता, त्रिकोणी, टोक खाली. वर्षानुवर्षं तिथे काही शिवलेलं असावं आणि त्याखाली ऊन पोचू नये, तसा.

त्यांनी दुसरा शर्ट ओढला. त्याच्यावरही. बनियनवरही. तिच्या कुठल्याच कपड्यावर नाही.

"हे... हे कुणी काढलं गो इथून?"

श्रुतिकेने त्या निळ्या त्रिकोणावरून बोट फिरवलं, माप घेतल्यासारखं.

"काढलेला नाही, बाबा," ती म्हणाली. "लावायचाय."

आणि शर्टाची व्यवस्थित घडी घालून तिने तो वेगळा ठेवला.