पॅसेजमधल्या बाई

रात्रीचीच भुतं हवी असतील, तर ही गोष्ट तुमच्यासाठी नाही.

हे घडलं दुपारी चार वाजता. घरात ट्यूबलाइट चालू होती. शेजारच्यांचा टीव्ही भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

आणि घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. तिला आम्ही ताई म्हणतो, तिचे पेशंटही ताईच म्हणतात. ती फिजिओथेरपिस्ट आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना न पडता चालायला शिकवते. बावीस वर्षं हेच काम. भुताखेतांचा विषय निघाला की "तुमचं चालू द्या" म्हणून आत निघून जाणारी बाई.

म्हणून तिने हे सांगितलं, तेव्हा मी ते खरं मानलं.

तिच्या त्या पेशंटला सगळे अण्णा म्हणायचे. वय एक्याऐंशी. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत चाळीस वर्षं लिफ्टमन होते. "आधी तुम्ही" म्हणत बाजूला सरकायचं, हे हाडात भिनलेलं. अलीकडे विसरायला लागले होते. मुलाला भाऊ समजायचे. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात पुन्हा ताट मागायचे. पण कोण कुठल्या मजल्यावर उतरायचं, ते धडाधड सांगायचे.

मुलगा ट्रक चालवायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी. बाकी सगळा भार सुनेवर. ती घरीच शिलाईची कामं करायची.

दोन महिन्यांत अण्णा चार वेळा पडले.

चारही वेळा एकाच जागी... बाहेरच्या खोलीतून बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता पडले तर खुबा मोडेल. या वयात खुबा मोडला की माणूस पुन्हा उभा राहीलच असं नाही. मुलगा म्हणाला, दिवसभर खुर्चीला बांधून ठेवू. सून म्हणाली, "माणूस आहे ते. सामान नाही." आणि तिनेच ताईला बोलावलं.

पहिल्या दिवशी ताईने नेहमीची परीक्षा घेतली. खुर्चीतून उठायचं, दहा पावलं चालायचं, वळून परत यायचं. घड्याळ लावून. अण्णा बरे चालले. मग तिने चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगितले. डोकं थकलेलं असलं की माणूस आकडा शोधताना पाय विसरतो. अण्णाही अडखळले, पण पडले नाहीत.

मग ती त्यांना पॅसेजमध्ये घेऊन गेली.

बाथरूमच्या चार पावलं अलीकडे ते थांबले. खांदा भिंतीला लावला. पोट आत घेतलं.

आणि समोर कोणी नसताना म्हणाले, "या बाई. सावकाश या."

दुसऱ्या क्षणी त्यांचा तोल गेला. ताईचा हात त्यांच्या कमरेला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्यात होता, म्हणून निभावलं.

"कुणाला वाट दिलीत, अण्णा?"

"त्या बाईंना. रोज जातात. मजला विचारला तर सांगत नाहीत."

ताईला आश्चर्य वाटलं नाही. विसरण्याच्या आजारात माणसांना कधीकधी नसलेली माणसं दिसतात. तिने पायपुसणं उचलायला लावलं, जास्त उजेडाचा बल्ब लावून घेतला, डॉक्टरांना फोन करून गोळ्या तपासून घेतल्या. भिंतीला आधाराचा दांडा ठोकून घेतला.

आठवडाभर सगळं ठीक होतं.

मग एका दुपारी अण्णा खुर्चीत बसून पायांचे व्यायाम करत होते. सून दाराशी बसून काज करत होती. मशीन बंद होतं.

आणि पॅसेजमधून आवाज आला.

टक्... मग फरशीवर पाय घासत ओढल्याचा आवाज.

टक्... पुन्हा घासत.

ताईचे कान या आवाजात मुरलेले. वॉकर उचलून पुढे ठेवल्याचा आवाज होता तो. वॉकरच्या एका पायाचं रबर झिजलेलं. चालणाऱ्याचा उजवा पाय अधू. वजन फार नाही. पण घाई आहे. इतकी घाई या पायांना झेपणार नाही.

हे सगळं तिच्या डोक्यात आपोआप आलं. त्यानंतर तिला आठवलं, की या घरात वॉकर नाही.

तिने सुनेकडे पाहिलं. सुनेची सुई हवेतच थांबली होती.

"तुम्हालाही ऐकू आलं?" सुनेने हळूच विचारलं.

"कधीपासून येतंय हे?"

"दोन महिने झाले. मी कुणाला बोलले नाही. घरात एकाला भ्रम झालाय म्हणतात, मग म्हणतील हिलाही झाला. मग यांना बघणार कोण?"

ताईने उठून पॅसेज पाहिला. रिकामा. बाथरूमही रिकामं.

"आधी कोणी म्हातारी बाई राहायची का इथे?"

"इमारत नवी आहे, ताई. या घरात राहणारे पहिले आम्हीच."

त्या रात्री ताईला झोप लागली नाही. जाणं बंद करावं, असं तिच्या मनात दहादा आलं. पण अण्णा पडले असते, तर तिने स्वतःला माफ केलं नसतं. ती जात राहिली.

पुढच्या गुरुवारी सून तयार कपडे पोचवायला गेली होती. घरात ताई आणि अण्णा दोघंच. अण्णांना बाथरूमला जायचं होतं. ताईने उजव्या हाताने त्यांचा पट्टा घट्ट धरला आणि दोघं निघाले.

पॅसेजच्या मध्यावर आवाज सुरू झाला. समोरून.

टक्... टक्...

आज फारच घाईत होता.

अण्णांनी दांडा धरला. अंग चोरून वाट दिली. आवाज जवळ आला... अगदी जवळ... आणि एकदम काहीतरी घसरलं. वॉकर फरशीवर आदळावा तसा खणखणाट झाला.

"पडतायत त्या," अण्णा म्हणाले. "धर त्यांना, बाळ."

ताईने विचार केला नाही. बावीस वर्षांची सवय. डावा हात पुढे गेला.

आणि हातात वजन आलं.

खरं वजन. चाळीस-पंचेचाळीस किलो असेल. पातळ कापड, आत काखेची हाडं. एक गार हात तिच्या मनगटाला चिकटला. डोळ्यांना मात्र समोरचा बल्ब आणि बाथरूमचं दार, एवढंच दिसत होतं.

त्याच वेळी अण्णाही मदतीला वाकले. दांड्यावरचा त्यांचा हात सुटला. आता दोन्ही हातांत दोन माणसं, आणि दोघंही खाली चाललेली. खांद्यातून कळ उठली. दोघांना पेलणं शक्य नव्हतं.

ताईने डावा हात झटकला.

मनगटावरची बोटं एकेक करून सुटली.

मग तो आवाज आला. म्हातारं माणूस कुशीवर पडल्याचा, आणि त्यातच हाड मोडल्याचा. तो तिने आयुष्यात दोनदाच ऐकला होता. त्यामागून एक बारीक कण्हणं... आणि मग शेजारच्या टीव्हीचा आवाज.

तिने अण्णांना दोन्ही हातांनी उभं केलं, कसंबसं खुर्चीपर्यंत आणलं आणि दार उघडून जिन्यात जाऊन बसली. सून आली तेव्हा ती तिथेच होती.

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं.

त्या दिवसापासून अण्णा एकदाही पडलेले नाहीत. वॉकरचा आवाजही पुन्हा आला नाही. मुलगा खूश आहे, डॉक्टर खूश आहेत. ताईच्या व्यायामाचा गुण, असंच सगळे म्हणतात. फरशी पुसताना सून मात्र बाथरूमच्या अलीकडचा तेवढा भाग सोडून पुसते. का, ते ताईने विचारलेलं नाही.

अण्णांचं विसरणं वाढलंय. आता इमारतीचे मजलेही गेले. मुलगा समोर आला तर नमस्कार करून "कोण आपण?" विचारतात.

पण ताई आली की तिला ओळखतात. जवळ बोलावतात आणि हळू आवाजात विचारतात, "उठल्या का गं त्या?"

"उठल्या, अण्णा."

"मग अजून कण्हतंय कोण?"