फळीवरची चांदणी

आमची होडी पहाटे चार वाजता निघणार होती. चुलतभावाने आणि मी आठ महिने खपून ती दुरुस्त केली होती, आणि पलीकडच्या बंदरापर्यंतची ही आमची पहिली खेप. आदल्या रात्री साडेनऊला आम्ही शीड घ्यायला काकांच्या शेडमध्ये गेलो. काका शिडं शिवतात. ते जमिनीवर मांडी घालून शेवटची शिवण घालत होते.

"चांदणी लावलीत?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

चांदणी म्हणजे एकमेकांत काटकोनात अडकवलेले तीन पत्रे. डोलकाठीवर उंच टांगायचे. लाकडाची होडी जहाजाच्या रडारवर जवळजवळ दिसतच नाही. पत्र्यांच्या कोपऱ्यांवरून लहरी माघारी फिरतात, तेव्हा कुठे तिकडच्या पडद्यावर ठिपका उमटतो.

"काढून ठेवली," मी म्हणाले. "वारा आला की काठीवर आपटते. खण खण खण... डोकं उठतं. आणि फोनवर सगळी जहाजं दिसतात हो, काका."

"तुला जहाजं दिसतात, मिरचे. जहाजांना तू दिसतेस का?"

"झालं सुरू," मी भावाकडे बघून पुटपुटले.

काकांनी सुई कापडात टोचून ठेवली. उठले, ट्यूबलाइट बंद केली, कोपऱ्यातला पिवळा बल्ब तेवढा राहू दिला. मोठ्या माणसांना 'घेऊन जा' एवढं सरळ म्हणता येत नाही. त्यांना गोष्ट लागते, आणि गोष्टीला अंधार लागतो.

"माझ्या ओळखीचा एक शिडं शिवणारा होता," ते म्हणाले.

"बाबा, या किनाऱ्यावर तुमच्याशिवाय शिडं शिवतं कोण?" भाऊ हसला.

"होता एक. मध्ये बोलू नकोस."

काका सांगू लागले.

"त्याला एक थोरला भाऊ होता. भावाची होडी घराच्या खिडकीखालीच बांधलेली असायची. एका रात्री वारा सुटला आणि चांदणी वाजायला लागली. घरात सव्वा महिन्याचं बाळ होतं. ते दचकून उठायचं, रडायचं. दोन रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी हा शिवणारा उठला, खाली गेला, दोरी सोडून चांदणी उतरवली आणि आणून आपल्या फळीवर ठेवली. म्हटलं, पहाटे लावू. बाळ झोपलं. सगळं घर झोपलं. तोही झोपला.

"त्याला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलेलं. थोरला चारलाच निघून गेला होता. अंधारात वर बघतो कोण? त्यात समुद्रावर धुकं. मग दुपारी बातमी आली. जहाजाचा कप्तान म्हणाला, माझ्या रडारवर काही नव्हतं. लोक म्हणाले, खोटं बोलतोय, झोपला असेल. शिवणारा काहीच बोलला नाही."

माझे बाबा गेले तेव्हा मी सव्वा महिन्याची होते. धुक्यात जहाजाने होडी चिरडली. कप्तानाला डुलकी लागली होती, हे घरात मी इतक्यांदा ऐकलंय की कधीही न पाहिलेल्या त्या माणसाचा चेहरासुद्धा मला पाठ आहे.

काका माझ्याकडे बघत नव्हते.

"अकरा वर्षं गेली. नोव्हेंबर महिना, सोळा तारीख, मंगळवार. नवं शीड चढवलेली एक होडी पलीकडे गिऱ्हाईकाला पोचवायची होती. शिवणारा एकटाच निघाला. डोलकाठीवर चांदणी बांधली, तीच, फळीवरची. नवी घेता आली असती. नाही घेतली. यावेळी मात्र आपटू नये म्हणून चारही बाजूंनी दोऱ्यांनी ताणून पक्की केली.

"रात्री दोन वाजून दहा मिनिटं. वारा बेताचा, चंद्र नाही. मागून एका मोठ्या जहाजाचे दिवे दिसायला लागले. वायरलेस खरखरला. जहाजावरचा अधिकारी बोलत होता. म्हणाला, पुढच्या दोन्ही होड्यांनी ऐका, मी तुमच्या मागून येतोय.

"शिवणारा म्हणाला, साहेब, होडी एकच आहे.

"दोन आहेत, अधिकारी म्हणाला. एक ठिपका ठळक आहे. दुसरा त्याच्या मागे, अगदी पुसट. येतो, जातो. तुमच्या सोबत्याला सांगा, चांदणी लावा. नाहीतर एखाद्या दिवशी मरेल."

बाहेर पाणी धक्क्याला लागत होतं.

"शिवणाऱ्याने वळून पाहिलं. काही नव्हतं. नुसतं काळं पाणी. विजेरी मारली. काही नाही. मग त्याला आवाज आला.

"खण.

"त्याने वर पाहिलं. चांदणी ताणलेली. हलत नव्हती.

"खण... खण...

"आवाज मागून येत होता. पाण्यावरून.

"वायरलेस म्हणाला, दुसरी होडी जवळ येतेय. तिला दिवा का नाही?

"शिवणाऱ्याचे हात... त्याला कळत नव्हतं आपले हात काय करतायत. त्याने दोऱ्या सोडल्या. चांदणी खाली घेतली. होडीच्या मागच्या टोकाला गेला. आणि म्हणाला..."

काका तांब्यातलं पाणी प्यायले.

"म्हणाला, दादा, घे. तुझी आहे. आणि पाण्यात सोडली. पत्राच तो. लगेच बुडाला."

"आणि जहाज?" भावाने विचारलं. तो आता हसत नव्हता.

"मागून येत होतं. आता शिवणारा त्या रडारवर नव्हताच. वायरलेसवर अधिकारी ओरडायला लागला. पहिली होडी, कुठे गेलात? दिसत नाही तुम्ही! मग अधिकारी म्हणाला, दुसरी दिसतेय. आता स्पष्ट दिसतेय. तिला टाळून डावीकडून जातो.

"जहाज वळलं. शिवणाऱ्यापासून तीस हातांवरून गेलं. भिंतच. लाटेने होडी आडवी झाली, परत उभी राहिली.

"वायरलेस नुसता खरखरत राहिला.

"मग अधिकारी हळूच म्हणाला, दुसरी होडी... आता नाहीये. तिच्यावर किती माणसं होती?

"शिवणारा म्हणाला, एक."

बल्बभोवती एक पाखरू फिरत होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं.

"दोन दिवसांनी तो घरी आला," काका म्हणाले. "शेड उघडली. बाहेरून कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात."

एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. शेडच्या वरच्या फळीवर शिडाच्या जुन्या कापडात गुंडाळलेलं एक गाठोडं आहे. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं, त्याला हात लावायचा नाही.

"दादाने घेतली नाही गं," काका म्हणाले.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. बावीस वर्षं एका कप्तानाला शिव्या दिल्या आम्ही. आई अजूनही देते. आणि हा माणूस जेवताना समोर बसून भाजी वाढत राहिला.

"आईला माहीत आहे?"

त्यांनी कापडात टोचलेली सुई काढून हातात घेतली.

"काका. आईला माहीत आहे का?"

"उद्या परत आलात की सांगतो," ते म्हणाले. "तू परत ये आधी."

मी स्टूल ओढलं, चढले आणि गाठोडं खाली घेतलं. गाठ सोडली. तीन पत्रे, कडा गंजलेल्या, एक कोपरा चेपलेला. कापड कोरडं होतं, इतकं जुनं की हातात फाटत होतं. पत्रे ओले होते. मी पदराने पुसले आणि मांडीवर धरून बघत राहिले. कोपऱ्यात पुन्हा थेंब जमला, घरंगळला, माझ्या मनगटावर पडला.

"अकरा वर्षं पुसतोय," काका म्हणाले.

मी मनगट ओठांना लावलं. खारट होतं.