पुढचे चार मासे

मी चौथी शिकलोय. सही धड जमत नाही, म्हणून मासा काढतो. एक वाकडी रेघ, तिच्यावर उलटी दुसरी, शेपटी जुळली की झाला मासा. घणसोलीच्या खाडीत जाळी टाकण्यात निम्मा जन्म गेला. मग खाडीत मासळी उरली नाही, तेव्हा नेरूळला एका हॉस्पिटलात कामाला लागलो. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर ओढायचं, लादी पुसायची. तिथे माझ्यासारख्या सगळ्यांना मामाच म्हणतात.

आमच्या नंदिनी सिस्टर नोकरी सांभाळून पुढचं शिकत होत्या. त्यांनी अभ्यासाला विषय घेतला होता तो असा, की मनाने खचलेलं माणूस कॅज्युअल्टीत आलं तर त्याच्याकडे कोण आणि किती लक्ष देतं. अशा माणसाची जखम दिसत नाही. मनाचे डॉक्टर येईपर्यंत ते कोपऱ्यातल्या खोलीत तासन्‌तास पडून राहतं. सिस्टरनी त्या खोलीच्या दाराला एक कागद लावला. दर पंधरा मिनिटांचा एक चौकोन.

"नुसतं डोकवायचं नाही, जयदेवमामा. नावाने हाक मारायची. उत्तर आलं की मगच खूण. काय बोलले ते संध्याकाळी मला सांगा, मी लिहीन."

"माझा मासा चालंल का?"

सिस्टर हसल्या. "चालेल. पण हाती लागल्यावरच काढायचा हं. आधी नाही."

उज्वला आली ती वैशाखातल्या एका दुपारी. तिशीची असेल. जीव द्यायला निघालेली, शेजारणीने वेळेवर पाहिली. नवरा अंकुश कळंबोलीच्या लोखंडबाजारात हमाल. आमच्याच गावठाणात, माझ्या दोन गल्ल्या पलीकडे, भाड्याच्या खोलीत राहत होते. केसपेपरच्या खिडकीवर तिचं आधारकार्ड मागितलं, म्हणून तो ते आणायला घरी पळाला. जाताना माझा हात धरून म्हणाला, "मामा, तेवढं बघा हिच्याकडं."

दोन वाजता मी हाक मारली. "उज्वला, बाय, कशी हाईस?"

"पाणी द्या."

पाणी दिलं, मासा काढला. सव्वादोनला तिने विचारलं, बाहेर कोण रडतंय. अडीचला ती भिंतीकडे तोंड करून होती. हाक मारली तशी वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मामा... परत येणार ना?"

"येनार. पंधरा मिनटांनी."

तेवढ्यात पुण्याच्या रस्त्यावर बस उलटल्याचा फोन आला. गाड्यांवर गाड्या लागल्या. लादीवर रक्त, सगळीकडे आरडाओरडा. विलास ब्रदर धावत आला.

"मामा, स्ट्रेचर पकड! तिकडे काय उभा राहिलास?"

"ही बाय एकटी हाय. पावनेतीनला परत..."

"अरे, ते मासे सगळे एकदम काढून टाक ना. आम्ही काय करतो? ड्युटी सुटताना एका दमात टिक. टेन्शन नको घेऊ."

मी पेन घेतलं. पावणेतीन, तीन, सव्वातीन, साडेतीन. चार मासे एका ओळीत काढले आणि स्ट्रेचर धरलं.

परत आलो तेव्हा पावणेचार होत होते. उशीला डोक्याचा खळगा तसाच होता. खोलीचं मागचं दार उघडं होतं.

संध्याकाळी सगळे तिला शोधत असताना सिस्टर माझ्यापुढे कागद घेऊन बसल्या. डोळे लाल झालेले. "पावणेतीनला काय बोलली, मामा?"

खरं सांगायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "म्हनाली, आता बरं वाटतंय."

"तीनला?"

"झोप येतेय."

"सव्वातीनला?"

"पंखा हळू करा."

"आणि साडेतीनला?"

"घरी जायचंय मला."

सिस्टरनी चारही वाक्यं लिहून घेतली. अडीचचं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, काही बोलली नाही, नुसतं बघितलं. ते खरं वाक्य कुणाला द्यायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडली.

कागद पक्का होता, म्हणून चौकशीत कुणाला काही झालं नाही. सिस्टरच्या अभ्यासात लिहिलं गेलं, की लक्ष नीट होतं, बाई अखेरपर्यंत नीट बोलत होती, तरी गेली. अंकुशने मला एवढंच विचारलं, "शेवटचं काय म्हणाली?" मी त्याला ते चौथं वाक्य दिलं. त्याने ते जपून नेलं.

तेरावं झालं. मला अन्न गोड लागेना. एका दुपारी ठरवलं, अंकुशला सगळं सांगायचं. मारलं तर मारू दे. अडीचच्या सुमाराला गेलो. गल्लीत ऊन तापलेलं, चिटपाखरू नाही. त्याचं दार सताड उघडं होतं.

"या मामा. दार लावू नका. तिला घरी यायचं असतं."

मी खाली बसलो. खोलीत वास होता. ओहोटीला खाडी उघडी पडते तेव्हा येतो तो. गावठाणात तो वाराच नेहमी असतो, अशी मी मनाची समजूत घातली.

"अंकुश, मला एक सांगायचंय..."

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन.

मोरीच्या पडद्यामागून आवाज आला. हळू, ओला.

"आता बरं वाटतंय."

हे वाक्य अंकुशला मी सांगितलं नव्हतं. ते माझ्यात आणि सिस्टरच्या कागदात होतं.

"रोज येती," अंकुश कुजबुजला. "चारच बोलती, मामा. तेवढीच. दुसरं काय विचारलं तरी बोलत न्हाई. तिच्याकडं दुसरं न्हाईच जसं."

तीन वाजता... "झोप येतेय." सव्वातीनला... "पंखा हळू करा." अंकुशने उठून पंखा हळू केला. सवयीने, जिवंत बायकोसाठी करावा तसा. साडेतीनला ती म्हणाली, "घरी जायचंय मला." तो पडद्याकडे हात जोडून रडायला लागला. "आलीस की गं. घरीच हाईस."

मी काय सांगणार होतो त्याला? ही चार वाक्यं काढून घेतली तर त्याच्याकडे उरत काय होतं? त्याचं रडणं थांबेपर्यंत मी तिथेच बसलो. घड्याळाचा काटा सरकला. पावणेचार.

पडदा जरासा हलला.

"मामा... परत येणार ना?"

अंकुशने मान वर केली. "हे आजच बोलली. कुणाला विचारती, मामा?"

मी उठून दाराकडे सरकलो. तरी उत्तर दिलं. "येनार, बाय. पंधरा मिनटांनी."

आणि मी पळालो. या वयात, अनवाणी, तापलेल्या गल्लीतून पळालो.

परत गेलो नाही. कामही सोडलं. घरी मी एकटाच असतो. पळून आलो त्या दिवसापासून माझ्या दाराच्या चौकटीवर चिखलाचा मासा उमटतो. पंधरा मिनिटं झाली की बाहेरून हाक येते, "जयदेवमामा...", मी "हाय गं" म्हणतो, आणि थोड्या वेळाने चौकटीवर अजून एक मासा असतो. तो चिखल मला कळतो. खाडीच्या पार आतला, तिवरांच्या मुळाशी असतो तो. मी पुसतो. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, पुन्हा मासा. एक हाक, एक मासा. तिने कधी चुकवलं नाही. हळूहळू मला त्या हाकेचा आधारच वाटायला लागला होता. एकट्या म्हाताऱ्याला कोण विचारतं?

आज दुपारपासून हाक आली नाही.

तुम्ही विचारपूस करायला आलात, आत येताना चौकट पाहिलीत? चार मासे आहेत, एका ओळीत. मी हात लावून बघितला. चारही सारखेच ओले आहेत, एका दमात काढल्यासारखे.